गृहपाठ फळ्यावर द्या, ग्रुपवर नको : मुख्याध्यापकांना खुलं पत्र

प्रति,
तालुक्यातील सर्व प्राथमिक व माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक यांस,

स. न. वि. वि.

मागणी आधीच सांगून टाकते. रोजचा गृहपाठ व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवणं बंद करावं. तो वर्गात फळ्यावर लिहावा आणि मुलांनी वहीत उतरवून घरी आणावा. तुम्ही-आम्ही शिकलो तेव्हा असंच होतं, त्यासाठी कुणाला पत्र लिहावं लागत नव्हतं. मधल्या काळात ही रीत कधी मोडली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, म्हणून आता लेखी मागावं लागतंय.

मी कोण, तेही सांगते. बाजारपेठेत आमचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दिवसा यजमान बसतात, संध्याकाळी मी. थोरला मुलगा सहावीत, धाकटी तिसरीत. ग्रुपवरच्या गृहपाठाने आमचा धंदा वाढलाय, हे कबूल करायला मला काही अडचण नाही. पूर्वी संध्याकाळी सातनंतर काउंटरवर माशा मारायच्या. दाखले, सातबारा, आधार यांच्या झेरॉक्स दिवसा व्हायच्या आणि दिवेलागणीला शटर अर्धं खाली यायचं. आता सात ते साडेनऊ उसंत नसते. तेव्हा या पत्रात माझा स्वार्थ शोधायचाच असेल, तर तो उलट्या बाजूला सापडेल.

आमच्या काउंटरवर काय चालतं ते ऐका. साडेसात-पावणेआठला कुठल्यातरी वर्गाच्या ग्रुपवर मेसेज पडतो. ‘उद्या येताना सोबतचे वर्कशीट कलर प्रिंट काढून, पूर्ण करून आणणे. हिरवी कार्डशीट एक.’ दहा मिनिटांत दुकानाच्या नंबरवर तीच पीडीएफ एकामागून एक येऊन आदळते. “ताई, तुम्हाला फॉरवर्ड केलंय बघा.” काहींना पीडीएफ पाठवता येत नाही, ते शेजाऱ्याच्या स्क्रीनचा फोटो काढून आणतात. तो ए-फोरवर घेतला की अक्षरं फुटतात, मग मी आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडून त्यांना काढून देते. हिरवी कार्डशीट अर्थातच पहिल्या पाच जणांत संपते. सहावी आई विचारते, पोपटी चालेल का? मला काय माहीत? ती ग्रुपवर विचारते. ग्रुपवर आणखी चौघी तेच विचारतात. मॅडम तेव्हा स्वयंपाकघरात असणार, त्यांनाही घर आहे. रात्री सव्वानऊला उत्तर येतं, चालेल. तोवर अर्ध्या बायका पोपटी घेऊन गेलेल्या असतात आणि अर्ध्या न घेता.

एक आजोबा येतात. नातू तिसरीत, त्यांच्याजवळ गावी असतो. मुलगा आणि सून पुण्याला, दोघंही कंपनीत कामाला. आजोबांचा फोन बटणांचा, म्हणून वर्गाच्या ग्रुपवर नंबर मुलाचा. आता काय होतं बघा. शाळा आजोबांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण नातवाचा गृहपाठ आधी पुण्याला जातो, तिथे बापाची शिफ्ट सुटेपर्यंत पडून राहतो, मग तो शेजाऱ्याच्या फोनवर परत येतो, शेजाऱ्याची मुलगी तो चिठ्ठीवर उतरवते आणि ती चिठ्ठी घेऊन आजोबा माझ्याकडे येतात. ‘पान बेचाळीस, रिकाम्या जागा.’ एवढंच असतं त्यात. मॅडमनी हे चार शब्द शाळा सुटताना फळ्यावर लिहिले असते, तर नातवाने ते दप्तरातून घरी आणले असते.

या सगळ्याची सुरुवात कशी झाली, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं सरकार म्हणालं आणि ते खरं करून दाखवायची जबाबदारी तुमच्या अंगावर पडली. तेव्हा व्हॉट्सॲपवाचून गत्यंतर नव्हतं, आणि ज्यांच्याकडे तेही नव्हतं त्यांच्यासाठी शिक्षक वाड्या-वस्त्यांवर चालत गेले. पालघरच्या जव्हार-मोखाड्याकडे पाड्यांवर स्पीकर लावून मुलांना धडे ऐकवले गेले. त्या काळाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. उलट धाकटीच्या अंगणवाडीच्या ताई दारापुढे उभ्या राहून गाणी म्हणून गेल्या, ते आमच्या घरात अजून सांगितलं जातं.

तेव्हाही ती तात्पुरती सोय होती, आणि तुटपुंजी होती. मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ची माणसं सप्टेंबर २०२० मध्ये फोनवरून देशभरातल्या खेड्यांत विचारपूस करत होती. त्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्यास मिळालेली मुलं साधारण एक-तृतीयांश निघाली. ज्यांना मिळाला त्यांना बहुतेक व्हॉट्सॲपवरून. म्हणजे हे माध्यम सगळ्यांत जास्त वापरलं गेलं, आणि तरीही तीनातली दोन मुलं कोरडी राहिली. त्याच वर्षी केंद्राने ‘प्रज्ञाता’ नावाच्या सूचना काढल्या होत्या. पूर्वप्राथमिकच्या मुलांना दिवसाला अर्ध्या तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, पहिली ते आठवीला तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे दोनच तास. सगळी शाळा फोनवर चालू असतानाही कुणीतरी घड्याळ लावून मर्यादा ठरवली होती. आता शाळा भरतात, फळा आहे, खडू आहे, समोर मुलं आहेत, आणि मर्यादेचं मात्र कुणी नाव काढत नाही. शाळा उघडल्या, ग्रुप तसेच राहिले.

आता मुलांकडे वळते, कारण पालकांचे हाल हा यातला लहान भाग आहे.

माझ्या थोरल्याला मी शाळेतून आल्यावर विचारलं, गृहपाठ काय आहे रे? तो म्हणाला, ग्रुपवर येईल. वर्गात बाईंनी सांगितला नाही का? सांगितला ना. मग काय सांगितला? त्याने खांदे उडवले. ग्रुपवर येईल. मी दुकानात येणाऱ्या मुलांनाही विचारून पाहिलं. हुशार, मठ्ठ, इंग्रजी माध्यमाचं, झेडपीचं, सगळ्यांचं उत्तर एकच. मुलाला वर्गात कान द्यायची गरजच उरलेली नाही. शेवटचा तास संपताना बाई काय सांगतायत ते ऐकायचं, वही काढायची, फळ्यावरून उतरवायचं, पान क्रमांक चुकला तर उद्या ओरडा खायचा, हे सगळं त्याच्या दिवसातून गेलं. वाटायला ती दोन ओळींची गोष्ट वाटते. पण स्वतःचं काम स्वतः लक्षात ठेवायची सवय त्या दोन ओळींतूनच लागायची. आता ते काम आईचं झालं. गृहपाठ आईला येतो, आई विसरली तर मुलगा आईवर चिडतो आणि बाई आईला मेसेज करतात. मुलगा या सगळ्यात प्रेक्षक.

लिहिण्याचंही तेच. ग्रुपवर प्रश्नोत्तरांचे फोटो येतात. कुणा चांगल्या अक्षराच्या मुलीच्या वहीचे, किंवा गाईडच्या पानाचे. ‘धडा ५ ची उत्तरे उतरवून घेणे.’ मग मुलगा फोन उशीला टेकवून ठेवतो आणि एकेक शब्द बघून वहीत ओढतो. वाक्य पूर्ण वाचतच नाही. मध्येच फोन काळा होतो, बोट लावून उजेड करायचा, तेवढ्यात वरून कसलंतरी नोटिफिकेशन घसरून येतं, त्याला बोट लागतं, आणि धडा पाचचा मुलगा क्रिकेटच्या रीलमध्ये. युनेस्कोने २०२३ साली शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर मोठा जागतिक अहवाल काढला. त्यात म्हटलंय की एकदा लक्ष उडालं की ते पुन्हा अभ्यासात बसायला विद्यार्थ्याला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आमच्या घरी ते वीस मिनिटांत बसत असेल तर मी पेढे वाटीन.

आणि आता या सगळ्यावर एआयचा कळस. गेल्या पावसाळ्यात एका वर्गाला ‘माझा आवडता ऋतू’ निबंध लिहायला होता, टाइप करून प्रिंट आणली तरी चालेल अशी सवलत होती. एकाच संध्याकाळी मी तीन मुलांचे निबंध छापले. तिघांचाही आवडता ऋतू पावसाळा, ते ठीक आहे, आमच्याकडे उन्हाळा कुणाला आवडणार? पण तिघांचीही सुरुवात ‘निसर्गाच्या विविध रूपांपैकी पावसाळा हे सर्वात मनमोहक रूप आहे’ अशी. तिसऱ्या कागदावर तर सगळ्यात वर ओळ होती, ‘नक्कीच! इयत्ता सहावीसाठी सोप्या भाषेतील निबंध खालीलप्रमाणे आहे.’ मी म्हटलं, बाळा, एवढी तरी काढू का? तो म्हणाला, नको काकू, बाईंनी असाच सांगितलाय. त्या पोराने तो निबंध एकदाही वाचला नव्हता. त्याच्या घरामागे ओढा आहे, आदल्याच आठवड्यात ओढ्याला पाणी येऊन त्यांचं वैरणीचं खोपट वाहून गेलं होतं. ते त्याने चार मोडक्या वाक्यांत लिहिलं असतं, तर त्या वर्गातला तो एकमेव निबंध झाला असता. पण गृहपाठ फोनमध्ये आला, उत्तर फोनमध्येच तयार होतं, आणि माझ्या मशीनमधून बाहेर पडून ते तुमच्या टेबलावर पोचलं. मधे मूल कुठे आलंच नाही.

फोन घरात आहे म्हणजे तो मुलाच्या वाट्याला येतो, असं धरून चालणंही चूक आहे. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या चौदा ते सोळा वयाच्या जवळजवळ नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. छान. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के आणि मुली २६.९ टक्के. आणि आठवडाभरात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुलं ५७ टक्के, सोशल मीडियासाठी वापरलेली ७६ टक्के. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरतील असा मोबाइल होता. उरलेल्या घरांत फोन नवऱ्याचा. तो फोन सकाळी त्याच्याबरोबर शेतावर, कारखान्यावर, बाजार समितीत जातो आणि रात्री त्याच्याबरोबर परत येतो, तेव्हा त्याला भूक लागलेली असते आणि फोनला चार्जिंग नसतं. माझ्याकडे आठवीतली एक मुलगी येते, तिच्या वर्गाचा ग्रुप बारावीतल्या भावाच्या फोनवर आहे. तो गेम खेळत असला की हिचा गृहपाठ अडकतो. ती माझ्या दुकानात उभी राहून मैत्रिणीच्या आईला फोन लावते आणि गृहपाठ माझ्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेते. हिला फळ्यावरून लिहून घेता आलं नसतं का?

पैशाचंही बोलायला हवं, माझ्याच गल्ल्याविरुद्ध का असेना. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात. मध्यंतरी दप्तर हलकं करायला पुस्तकांतच वहीची पानं घातली होती, ती पुढे काढली, तो वेगळा विषय. पण पुस्तक मोफत आणि वर्कशीट विकत, हे कुठलं गणित? काळी-पांढरी प्रिंट दोन रुपये, कलर दहा. आठवड्याला चार-पाच पानं धरली आणि त्यात एखाद-दोन कलर, तर महिन्याला एका मुलामागे पाऊणशे-शंभर कुठे गेले कळत नाही. रोजंदारीवर जाणारी बाई दोन पोरांच्या प्रिंटला दोनशे घालते तेव्हा मला तिच्याकडून पैसे घेताना लाज वाटते, पण टोनर मलाही फुकट मिळत नाही. बरं, ती फुलपाखराची बाह्यरेषा रंगवायला कलर प्रिंट लागतेच कशाला? रंग मुलानेच भरायचाय ना?

आपल्याच सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तुम्हाला माहीत असेल, पेपरात आणि टीव्हीवर खूप आलं होतं. ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवतात. त्या दीड तासात मुलं अभ्यास करतात. सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी लॉकडाऊननंतर मुलांची अवस्था बघून हे ठरवलं. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीची माणसं घरोघर फिरून बघायची. नंतर त्याची गावाला सवय झाली. मला यातलं सगळ्यात काय आवडलं सांगू? मोठ्यांचाही फोन बंद असतो. पोराला ‘फोन ठेव’ म्हणायचं आणि आपण सासू-सुनेची मालिका बघायची, हे तिथे चालत नाही. पूर्वी घरोघर परवचा व्हायचा तीच ही वेळ. पाढे म्हणायचे, मोठ्यांनी ऐकायचे, चुकलं की पुन्हा ‘सतरा एके’पासून.

यवतमाळच्या पुसद तालुक्यात बांशी ग्रामपंचायतीने त्याच वर्षी अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचाच ठराव केला. तो मला पटत नाही. बंदीने मुलं चोरून बघायला शिकतात. वडगावचं बरं, वेळ ठरलेली आणि सगळ्यांना सारखी.

आमच्या गल्लीत आम्ही चार-पाच जणींनी वडगावसारखं करायचं ठरवलं होतं. भोंगा नाही, पण सातला सगळ्यांनी फोन कपाटात ठेवायचे. फार दिवस टिकलं नाही. कारण साडेसातला शाळेचा मेसेज यायचा. एकीने कपाट उघडलं की दुसरीलाही धास्ती, आपल्या मुलाचं काही राहिलं तर? म्हणजे गावाने फोन बंद करायचा म्हटलं तरी तो उघडायला लावणारी पहिली शाळाच. एरवी पालकसभेत तुम्हीच आम्हाला सांगता, मुलांना मोबाइल देऊ नका. मग सांगा, द्यायचा की नाही?

आणि मुळात तिसरीच्या मुलीला रोज एवढा गृहपाठ कशाला? केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको असं म्हटलंय. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला, दिवसाला नाही. सहावी ते आठवीला दिवसाला एक तास. हे फळ्यावर सहज मावतं. फळ्याला एक गुण आहे, तो भरतो. ग्रुप कधीच भरत नाही, म्हणून त्यावर टाकत राहावंसं वाटतं.

हा विचार जगात फक्त माझ्या दुकानात आलाय असं नाही. केरळमध्ये एका पालकाची तक्रार बालहक्क आयोगाकडे गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या शिक्षण विभागाने उच्च माध्यमिकच्या शिक्षकांना नोट्स व्हॉट्सॲपसारख्या माध्यमांतून पाठवायला मनाई केली. म्हणजे अकरावी-बारावीच्या घोड्यांनाही. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्येच शाळांना सांगितलं, गृहपाठ मोबाइलवरून देऊ नका आणि मोबाइलवर करायलाही लावू नका. स्वीडनसारखा पुढारलेला देश २०२३ पासून छापील पुस्तकांसाठी शाळांना वेगळे पैसे देऊ लागला. त्यांनी आधी टॅबलेट देऊन बघितले आणि मग परत फिरले. आपल्याला तेवढंही लांब जायचं नाही, फक्त खडू उचलायचाय.

मी डिजिटलच्या विरोधात आहे असा कुणी अर्थ काढू नये. धंदाच त्यावर आहे माझा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड चिकटवले, २०२० साली त्यांना जगातला मोठा शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी शिक्षकांना वाटून दिली. आता बालभारतीच्या पुस्तकांतही कोड असतात. बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, एखाद्या मुलाचं पुस्तक पावसात भिजलं की मी त्यातली दोन-चार पानं काढून देते. शिष्यवृत्तीचे जुने पेपर, भूगोलातला ज्वालामुखी, विज्ञानातलं हृदयाचं चालणं, हे वर्गातल्या टीव्हीवर दाखवा, जरूर दाखवा. तिथे बाई शेजारी उभ्या असतात, थांबवून विचारतात, सगळी मुलं एकदम बघतात. ते शिकवणं झालं. रात्री आठला पीडीएफ ढकलणं हे शिकवणं नव्हे, ती टपाल वाटणी.

ग्रुपसुद्धा राहू दे. उद्या सुट्टी, बस उशिरा येणार, लसीकरण आहे, पालकसभा अमुक वाजता, हे त्यावरच यावं, पटकन कळतं.

यावर तुम्ही म्हणाल, पालकच मागतात. खरं आहे. आमच्यातल्या काहींना ग्रुपवर रोज काही आलं नाही तर शाळेत शिकवतच नाहीत असं वाटतं. फी घेणाऱ्या शाळांत तर जास्तच, तिथे ग्रुप म्हणजे पैसे वसूल झाल्याची पावती. नोकरी करणाऱ्या आयांचा मुद्दा त्याहून खरा आहे. पोरगं धड सांगत नाही, ग्रुपवर असलं की संध्याकाळी बसल्या जागी कळतं. पण पोरगं धड सांगत नाही ते ग्रुप आहे म्हणूनच. पहिला महिनाभर गोंधळ होईल, काहींचा गृहपाठ राहील, काही आया तुमच्याशी भांडायला येतील. तेवढं सोसावं लागेल. आजारी मुलाचं काय, असंही विचारतील. आम्ही लहानपणी मैत्रिणीच्या घरी जाऊन वही आणायचो. त्यात अभ्यासाबरोबर वर्गात काय काय झालं तेही कळायचं.

आणि तुमचाही यात फायदा आहे. माझ्या दुकानात शिक्षकही येतात, त्यांचं बोलणं कानावर पडतं. दिवसभर माहिती भरा, हजेरी चॅटबॉटवर टाका, पोषण आहाराचा आकडा ॲपवर टाका, उपक्रमाचे फोटो वर पाठवा. घरी गेलं की पालकांचे मेसेज. रात्री साडेदहाला ‘मॅडम, कार्डशीट पोपटी चालेल का’ विचारणाऱ्या आम्हीच. एक बाई मला म्हणाल्या, वर्गात शिकवते कमी आणि त्याचा पुरावा जमवते जास्त. गृहपाठाचा ग्रुपवरचा मेसेज हाही निम्मा पुरावाच आहे, दिला होता हे दाखवायला. मुलांच्या वह्या तपासून त्यावर तारीख आणि सही करा, तो पुरावा जास्त पक्का आहे. वर्षभराने अधिकारी आले तरी तो सापडेल, आणि तोवर फोन बदलला तरी जाणार नाही.

तेव्हा जूनपासून एवढं करावं. शाळा सुटायच्या आधीची दहा मिनिटं फळ्याला द्यावीत, मुलांनी स्वतः लिहून घ्यावं, लहान वर्गांत बाईंनी वह्यांवर एक नजर टाकावी. प्रिंट लागणारा गृहपाठ देऊच नये. द्यायचाच असेल तर शाळेने काढून द्यावा. संध्याकाळी सहानंतर ग्रुपवर निकडीची सूचना सोडून काही टाकू नये. आणि निबंध वर्गात बसून लिहून घ्यावेत, तोडकेमोडके झाले तरी चालतील.

शाळेला महिन्याची वर्कशीट एकदम छापून हवी असतील तर मी ती कागद आणि टोनरच्या खर्चात काढून देईन, नफा घेणार नाही. फक्त मजकूर दुपारी द्या, संध्याकाळी मशीन गरम झालेलं असतं. एका पानावर दोन बसतील अशी मांडणी करून देणाराही आमच्याकडे आहे, माझा थोरला, ते मात्र त्याला फोनवरच आलं.

हे पत्र मी तालुक्यातल्या सगळ्या शाळांत कागदावर पोचतं केलंय. उत्तर द्यावंसं वाटलं तर मुलांच्या हाती चिठ्ठी पाठवा किंवा येता-जाता दुकानावर थांबा. सात ते साडेनऊ मी काउंटरवर असते, पण तेव्हा बोलायला वेळ मिळेल असं वाटत नाही. दुपारी चारच्या आत आलात तर बरं.

आपली,
दोन मुलांची आई आणि बाजारपेठेतली झेरॉक्सवाली